हात मांडीखाली घेऊन बसायचं काम

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या निवासाचे कार्यवाहसाहेब. व्यासपीठावर विराजमान झालेल्या डॉक्टरीणबाई आणि व्यायामाच्या बाई. समोर पहिल्या रांगेत बसलेले, आजच्या उत्सवमूर्तीचे थोरले बंधू. स्वयंपाकघरातल्या, धुणंघरातल्या आणि दोन्ही पाळ्यांमधल्या माझ्या मैत्रिणींनो. खुर्चीत बसलेल्या पाहुण्यांनो, आणि आपापली खुर्ची बरोबर घेऊनच आलेल्या माझ्या मंडळींनो. आणि जिच्यासाठी हा एवढा खटाटोप, ती आमची फौजदार. सर्वांना माझा नमस्कार.

एवढं साहेबांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं. पुढे म्हणाले, मावशी, तुम्ही तुमच्या शब्दांत बोला, फक्त आवरतं घ्या. आता माझ्या शब्दांत बोलायचं आणि आवरतं घ्यायचं, ही दोन्ही कामं एका बाईला कशी जमावी? तरी बघते.

खरं म्हणजे वयाच्या मानाने निरोप मला मिळायला हवा होता. गुडघे माझे गेले, खांदा माझा गेला, जिना चढताना कठड्याला मी लोंबकळते, आणि हार-गुच्छ कुणाला? तर हिला. ही चालली, मी इथेच. साहेब, नुसतं हसू नका, कुठेतरी टिपून ठेवा.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते. फौजदार हे काही हिचं खरं नाव नव्हे. जन्मताना हिच्या डोक्याला वारा पुरेसा पोचला नाही, म्हणून हातपाय हिचं ऐकत नाहीत. हात उजवीकडे न्यावा म्हटलं तर तो डावीकडे फिरून येतो. बोलणंही सावकाश, एकेक शब्द विहिरीतून बादली ओढल्यासारखा वर येतो. पण बादली रिकामी कधी येत नाही! आली त्या पहिल्याच दिवशी मी आंघोळीचं पाणी हाताने बघितलं, तर मला म्हणाली, "हाताने नको. घट्टे पडलेत तुझ्या हाताला. कोपर बुडव." मी कोपर बुडवलं. चटका बसला. त्या दिवसापासून ही फौजदार आणि मी हवालदार.

आणि आज ही आपल्या स्वतःच्या भाड्याच्या खोलीत राहायला चालली आहे. तळमजल्यावरची खोली, इस्त्रीवाल्याच्या दुकानामागे. सकाळी आणि संध्याकाळी तासभर एक मदतनीस येईल, आंघोळीला आणि कपड्यांना. बाकी दिवसभर ही, हिचा फोन आणि हिची किटली. फोन कसला म्हणाल, तर गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्याचे फोन ही घेते. कानाला यंत्र अडकवायचं आणि कुणाची गाडी कधी आणायची ते सांगायचं. सुरुवातीला एक गिऱ्हाईक हिचं बोलणं ऐकून म्हणालं, "बाई, दारूबिरू प्यायलात की काय?" ही म्हणाली, "अजून... नाही. सुट्टी... सहाला होते." ते गिऱ्हाईक आता दुसऱ्या कुणाशी बोलतच नाही.

तर हे झालं हिचं कौतुक. आता मला सांगायला सांगितलंय ते असं, की या कामाचं तुम्हाला काय समाधान मिळतं. हा प्रश्न मला फार जण विचारतात. मी म्हणते, आधी बसू तर दे.

लोक म्हणतात, पुण्याचं काम करता हो मावशी! मी म्हणते, पुण्य मिळेल तेव्हा मिळेल, कंबर मात्र रोजच्या रोज जाते. सकाळी एकीला खुर्चीतून उचलून न्हाणीत न्यायचं, दुसऱ्याची कूस बदलायची, चादरीला एक चुणी राहू द्यायची नाही, कारण ती चुणी त्याच्या पाठीत रुतते आणि त्याला ती सांगता येत नाही. तिसऱ्याला भरवायचं, तेही तोंडाच्या चालत्या बाजूने, घोट गिळला की नाही ते गळ्याकडे बघून. हे झालं की पुन्हा पहिलीपासून. कामावर पोरी येतात, चांगल्या हुशार असतात, थोडे दिवस राहतात आणि जातात. मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्याच्या पायात काटा तोच लंगडतो. आणि कधी असंही होतं, की ठरल्या वेळेला कूस बदलायला जावं आणि ती खाट उघडी, गादी उन्हात टाकलेली. मग आपण दारात उभे, हात रिकामे. अशा वेळी समाधान कुठे शोधायचं, डॉक्टरीणबाई, तुमच्या पुस्तकात दिलंय का? नाही ना. मलाही कुणी सांगितलं नाही.

आणि या कामाने माणूस घरचाही राहत नाही बरं का. माझ्या भाचीच्या लग्नात पंगतीला बसले होते. शेजारी एक अनोळखी गृहस्थ, चांगले कोटबिट घातलेले. बोलता बोलता मी त्यांचं ताट माझ्याकडे ओढलं, घास बारीक केले आणि चमचा त्यांच्या तोंडापाशी नेला. ते म्हणाले, "बाई, आपली ओळख?" माझी सून टेबलाखालून मला चिमटे काढतेय! काय सांगू? हात आपोआप जातो. समोर माणूस दिसला की माझा हात त्याच्या हनुवटीकडे जातो. साहेब, तुम्ही घाबरू नका, आज मी लांब उभी आहे.

आता मुद्द्यावर येते. तो हात आपोआप जातो ना, तिथेच सगळं आहे.

या आपल्या व्यायामाच्या बाई नव्याने आल्या तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्या मावशांना ओळीने बसवलं आणि एक काम शिकवलं. म्हणाल्या, फौजदार आता सदरा स्वतः घालणार. तुम्ही समोर बसायचं. मी म्हटलं, आणि काय करायचं? म्हणाल्या, हात मांडीखाली घ्यायचे. मी म्हटलं, बाई, म्हणजे पगार बसून खायचा? त्या म्हणाल्या, बसून तर बघा.

बसले. अहो, काय सांगू तुम्हाला! फौजदाराचा एक हात हट्टी आहे आणि एक शहाणा. आधी हट्टी हात बाहीत घालायचा, मग शहाणा, हा नियम. शहाणा हात सदरा धरतो, हट्टी हात बाहीच्या तोंडाशी जातो आणि ऐन वेळी उसळी मारून बाहेर. पुन्हा. पुन्हा बाहेर. हिच्या कपाळावर घाम. माझ्या पाठीत कळ. दोन मिनिटांचं काम, मी झटकन करून टाकलं असतं आणि पुढच्या खाटेकडे गेले असते. तिकडे घंटा वाजतेय, इकडे बाही रिकामी लोंबतेय, आणि मी माझ्याच मांडीखाली माझे हात दाबून धरलेत, मुंग्या येईपर्यंत. माणूस उचलून मी कधी एवढी दमले नाही, तेवढी त्या दिवशी बसून दमले. सदरा अंगात गेला तेव्हा उलटा होता, शिवण बाहेर. मी म्हटलं, फौजदार, उलटा आहे गं. म्हणाली, "असू दे. माझा आहे."

घरी गेले तरी तेच डोक्यात. माझी धाकटी नात तेव्हा नुकती चमचा धरायला लागली होती. वाटी तिने डोक्यावर ओतली, चमचा कानात घातला, आणि एक घास, अहो एकच घास, चुकून तोंडात गेला. काय हसली! मीही हसले. सून धावत आली, "आई, तुम्ही नुसत्या बघत काय बसलात? भरवा ना तिला!" मी म्हटलं, "मी कामावर आहे." सुनेला वाटलं सासूला भ्रम झाला. पण खरं सांगते, त्या पोरीचा तो घास बघून मला जेवढा आनंद झाला, तेवढा माझ्या चारही पोरांना भरवून झाला नव्हता. तेव्हा वेळच कुठे होता? कोंबायचं आणि कामाला पळायचं.

बरं, मी भरकटले. दादांकडे येते.

दादा, म्हणजे फौजदाराचे थोरले भाऊ. दादा, मान खाली घालू नका, वाईट काही सांगत नाही. आईवडिलांच्या मागे या माणसाने बहिणीला भेटायचा एक रविवार चुकवलेला नाही. पण फौजदाराने खोली घ्यायचं काढलं आणि दादा म्हणाले, नाही. का? तर किटली. ही एकटी असणार, चहाची तल्लफ हिला दिवसातून पन्नास वेळा, गरम पाणी अंगावर घेतलं तर बघणार कोण?

त्याला कारण होतं. ही लहान असताना आई शेजारी गेली आणि दादांना सांगून गेली, हिच्याकडे बघ. दादा तेव्हा किती, शाळेत जाणारं पोर. मुलं गोट्या खेळत होती तिकडे यांचं लक्ष, आणि हिने दुधाचं पातेलं ओढलं. पावलावर व्रण आहे अजून. मी रोज तेल लावताना बघते. हिला ते आठवतसुद्धा नाही. पण दादांना आईचं बोलणं आठवतं, "तुझ्या भरवशावर टाकून गेले होते रे." आई गेली, घर गेलं, केस पांढरे झाले, पण दादा अजून त्या पातेल्यापाशी उभे आहेत. अशा माणसाला काय म्हणायचं? मला त्यांचा राग आला नाही. मला ते माझ्यासारखेच दमलेले दिसले.

फौजदार म्हणाली, "दादा, रविवारी ये. तुला... मी चहा करून देते. मग... ठरव."

आपल्या निवासातल्याच लहान स्वयंपाकघरात आम्ही तिघं. मी स्टुलावर. आमच्या सुताराने हिला एक लाकडी घोडी करून दिलीय. किटली त्या घोडीवर बसते, मागून ढकलली की पुढे कलते, उचलायला लागत नाही. किटली अर्धीच भरलेली. पेल्याला दोन कान, पेल्याखाली ओलं फडकं, म्हणजे पेला सरकत नाही. हिने साखर घातली, चहाची पुडी दातांनी फाडून टाकली, बटण दाबलं. दादांच्या कपाळावर किटलीआधी वाफ! पाणी उकळलं. हिने शहाणा हात किटलीच्या पाठीला लावला, ढकलली, धार पेल्यात पडायला लागली, आणि तेवढ्यात हट्टी हाताने उसळी मारली. घोडी हलली. थोडं पाणी टेबलावर सांडलं.

माझे हात मांडीखाली होते. दादांचे कुठे होते? दादांनी उडी मारून किटलीच धरली, दांडा सोडून, पोटाला!

"आई गं!"

फौजदार जागची हललीही नाही. तिच्या अंगावर थेंब नव्हता. पाणी त्या फडक्याने पिऊन टाकलेलं. तिने दादांच्या बोटांकडे बघितलं आणि सावकाश विचारलं, "भाजलं... कुणाला?"

मला हसू आवरेना, आणि रडूही. दादांची बोटं नळाखाली धरली. ते म्हणत होते, "पुरे झालं. बघितलं ना मावशी? पुरे आता." आणि ही म्हणते, "परत. पाणी भर मावशी. आणि याला... बसव."

दादा बसायला तयार नाहीत. म्हणाले, "अगं, हट्ट कसला करतेस? मी घेतो ना करून, दोघांचा करतो, पाच मिनिटांत."

ती म्हणाली, "आयुष्यभर... तूच करतोयस. मी कधी... तुला काही दिलंय?"

मी दुसरं स्टूल पुढे सरकवलं. म्हटलं, "दादा, इथे बसा. हात मांडीखाली घ्या. भाजलेली बोटं बाहेर ठेवलीत तरी चालेल." आणि हा हेडक्लार्क माणूस, ज्याच्या हाताखाली ऑफिसात चार माणसं आहेत, माझ्या शेजारी हात मांडीखाली घेऊन बसला. किटली कलली तेव्हा त्यांचा अख्खा देह पुढे गेला, पण हात नाही आले. पेला भरला. दूध थोडं आत, बरंचसं बाहेर. मग तिने तो पेला टेबलावरून ढकलत, ढकलत, ढकलत त्यांच्यापुढे आणला. रस्ता वीतभराचा, पण मुंगीने डोंगर ओलांडावा तसा. दादांनी घोट घेतला. आणि काय म्हणाले माहीत आहे? एवढ्या सगळ्यावर?

"साखर कमी आहे."

फौजदार म्हणाली, "डबा समोर आहे. घे... हाताने."

दादांनी साखर घेतली. ढवळली. चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, तळाची पूडसुद्धा. मग रिकाम्या पेल्याकडे बघत म्हणाले, "त्या खोलीच्या दाराची कडी किती उंचावर आहे?" दुसऱ्या दिवशी सुताराला घेऊन जाऊन ती कडी त्यांनी स्वतः खाली बसवून घेतली.

आता माझं ऐका. एवढं सगळं झाल्यावर मी फौजदाराला म्हटलं, सकाळची मदतनीस दुसरी कशाला? मीच येईन, इथली पाळी सुरू व्हायच्या आधी. ती म्हणाली, "तू नको."

मला लागलं. खोटं का बोलू? दोन दिवस मी हिचे केस घट्ट बांधले. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "मावशी, तुला माझं... सगळं न सांगता कळतं. पाणी, उशी, सगळं. तिथे मला... सांगायची सवय करायचीय. तू आलीस की... मी गप्प बसेन." मी केस सैल केले. काय करणार? इतकी वर्षं आपण अभिमान बाळगला, की बघा, हिला काय हवं ते मला बोलण्याआधी कळतं. आणि ही म्हणते, बोलू दे मला. रागावून बघितलं, पण आतून कुठेतरी थंड वाटलं. उन्हातून आल्यावर फरशीवर पाय टेकल्यावर वाटतं तसं. त्याला तुम्ही समाधान म्हणत असाल तर म्हणा. मला एवढंच ठाऊक आहे, की त्या दिवशी घरी जाताना गुडघे दुखत होते आणि तरी मी एक थांबा आधी उतरून चालत गेले.

दमले मी, ते खरंच आहे. आज समारंभ संपला की गुच्छ बाजूला ठेवून मला धुणंघरातून चादरी आणायच्या आहेत, चौघांच्या कुशी बदलायच्या आहेत, आणि रिकाम्या झालेल्या खोलीत परवा कुणी नवीन माणूस येतंय म्हणतात. त्याचं पाणी किती गरम, त्याचा हट्टी हात कुठला, सगळं पहिल्यापासून शिकायचं. या वयात. पण शिकेन. आता एवढी वर्षं झाली, दुसरं येतंय काय मला?

आज सकाळीच फाटकाशी दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, अजून एक महिना थांबू या का? पावसाळा सरू दे." मी म्हटलं, "मला काय विचारता? तिला विचारा." म्हणाले, "विचारलं." मी म्हटलं, "मग?" म्हणाले, "म्हणाली, ट्रंक गाडीत टाक." ट्रंक गाडीत आहे. मी बघून आले. पण खोलीची किल्ली अजून दादांच्या खिशात आहे, हेही मी बघितलंय. सगळ्यांना दिसतंय दादा, त्या खिशावर मघापासून हात आहे तुमचा.

असो. माझं आवरतं घेते. साहेबांनी मला इथे उभं केलं, त्यांचे आभार. व्यायामाच्या बाईंनी मला बसायला शिकवलं, त्यांचे जास्त आभार. सुताराचे, इस्त्रीवाल्याचे, आणि माझं बोलणं खपवून घेतलंत त्या तुम्हा सगळ्यांचे उपकार. बोलता बोलता कुणाचं ताट ओढलं असेल, कुणाला टोचून बोलले असेन, मोठ्यांची पायरी ओलांडली असेल, तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला.

आता फौजदार बोलणार आहे. तिच्या वतीने मी एकच विनंती करते. तिचं वाक्य पुढे काय असेल ते तुम्हाला आधीच कळेल, तरी मनातल्या मनात ठेवा, तोंडाने पुरं करून देऊ नका. आणि मधे थांबली तर संपलं समजून टाळ्या वाजवू नका. थांबली म्हणजे शब्द वर येतोय.

माइक उंच आहे, तो तिचा ती खाली घेईल. पेच कुठला ते तिने बघून ठेवलंय.

दादा, तुम्ही उठलात कशाला? ... काय? ... बरं, बरं. मग किल्ली अशी तिच्या मांडीवर नका ठेवू. तळहातात द्या. शहाण्या हाताच्या. बोटं मिटायला वेळ लागेल तिला, तोवर तिथेच उभे राहा हवं तर.

मिटली?

बसा आता, दादा. मीही बसते.

बोल गं तू. आम्हाला कुठे जायचंय?